नगरच्या मापाने वर्णभेद

नगरचा भुईकोट पाहायला येणारा माणूस नेहरूंची खोली पाहून परततो. 1942 ते 1945 नेहरू इथे कैदेत होते, हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक. त्याआधी चाळीस वर्षं याच किल्ल्यात इंग्रजांनी गोरे बोअर कैदी डांबले होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1899 ते 1902 इंग्रजांशी चाललेल्या युद्धात पकडलेले हे डच वंशाचे शेतकरी. असे सुमारे 9 हजार कैदी बोटींनी हिंदुस्थानात आणले गेले.

तिकडे त्यांच्या बायकामुलांना इंग्रजांनी छावण्यांत कोंडलं. सुमारे 28 हजार माणसं मेली, त्यांत 22 हजार मुलं. काळ्यांच्या छावण्या वेगळ्या. तिथल्या नोंदलेल्या मृत्यूंचा आकडा 14 हजारांवर आहे. खरा 20 हजारांपुढे असावा, असं अभ्यासक म्हणतात. उपासमार आणि रोगराई दोन्हीकडे होती, पण मेलेल्यांची मोजदादही सारखी झाली नाही.

पुढे याच बोअरांचे सेनापती लुई बोथा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान झाले आणि 1913 साली जमिनीचा कायदा आला. काळ्यांनी जमीन घ्यायची ती देशाच्या 7 टक्के भागातच. 1936 मध्ये हा वाटा 13 टक्क्यांपर्यंत नेला. हे आपल्या जिल्ह्यावर मांडून पाहा. 17,048 चौरस किलोमीटर, चौदा तालुके. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 45 लाख. तिकडे तेव्हा दहांतले जवळपास सात जण काळे होते. म्हणजे आपल्याकडच्या 31-32 लाख लोकांना सांगायचं, की तुम्ही जमीन घ्यायची ती जेमतेम दोन तालुक्यांत. बाकीच्या बारा तालुक्यांत फक्त मजुरीला यायचं.

मजुरीलासुद्धा पास लागे. 1952 पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषाला, आणि काही वर्षांनी बायकांनाही, एक पुस्तिका जवळ बाळगावी लागे. तीत फोटो, बोटांचे ठसे, कर भरल्याची नोंद आणि मालकाची दर महिन्याची सही. सही राहिली की माणूस गुन्हेगार. परवानगीशिवाय शहरात 72 तासांपेक्षा जास्त थांबला तरी गुन्हेगार. 1916 ते 1984 या काळात पासच्या कायद्यांखाली पावणेदोन कोटींहून अधिक अटका आणि खटले झाले. रोजचे सातशेच्या वर. सोळा एसटी गाड्या रोज भरतील एवढे, तेही सलग 68 वर्षं. 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिलला या पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 69 जण मेले.

1948 साली सत्तेवर आलेल्या नॅशनल पार्टीने या जुन्या भेदाला पक्की चौकट दिली. 1960 ते 1983 मध्ये 35 लाख माणसांना घरांतून उठवून दुसरीकडे नेऊन टाकलं. नगर जिल्ह्यातल्या दर चार माणसांपैकी तिघांचं बिऱ्हाड उचलावं, तसा हा प्रकार. गावकुसाबाहेर वस्ती ठेवायची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको, पण तिथे त्यासाठी सरकारी ट्रक येत आणि मागून बुलडोझर. शाळांचं पाहा: 1975-76 मध्ये सरकारचा खर्च गोऱ्या मुलामागे 644 रँड, काळ्या मुलामागे 42.

आणि ज्या निजामशाहीचा हा भुईकोट, तिचा कारभार सतराव्या शतकात मलिक अंबर पाहत होता. हबशी, बाजारात एकाहून अधिक वेळा विकला गेलेला गुलाम. त्याने जहांगीर बादशहाच्या फौजांना दख्खनेत वर्षानुवर्षं झुलवलं. गुलामगिरीचं कौतुक करायचं कारण नाही. पण विकत आणलेला काळा माणूस इथे पेशवा होऊ शकला, आणि विसाव्या शतकातल्या जोहान्सबर्गमध्ये त्याला मालकाच्या सहीशिवाय रस्त्यावर उभंही राहता आलं नसतं.

पासचे कायदे 1986 मध्ये गेले. 27 एप्रिल 1994 पासून सर्वांना मत मिळालं. जमिनीचं तसं झालं नाही. 2017 च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी 72 टक्के गोऱ्यांकडे निघाली, काळ्यांकडे 4 टक्के.