त्वचा सांगते ताटातली उणीव

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

दहा महिन्यांच्या एका बाळाला घेऊन त्याची आई आणि आजी दवाखान्यात आल्या होत्या. तक्रार तशी साधी होती. "डॉक्टर, याच्या बोटांची पेरं काळी पडलीत. चोळून चोळून आंघोळ घातली, तरी निघत नाही." बाळाचे केस विरळ आणि तपकिरी झाले होते. चेहऱ्यावर हसू नव्हते. विचारल्यावर आजी म्हणाल्या, "मागच्या महिन्यात बसायला लागला होता, आता बसत नाही. अंगाने जड आहे ना, म्हणून असेल."

घर शाकाहारी. आईला दूध-दही आवडत नाही. बाळ अजून केवळ अंगावरच्या दुधावर. तो काळेपणा मळाचा नव्हता, ऊन लागल्याचाही नव्हता. ती 'ब-१२' जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होती.

हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. धान्ये आणि भाज्यांतून जवळजवळ नाहीच. आईच्या शरीरात ते कमी असेल, तर तिच्या दुधातही कमी उतरते. या बाळाला इंजेक्शने दिली, आईलाही उपचार सुरू केले. काही आठवड्यांनी बाळ पुन्हा बसू लागले. मात्र उशीर झाला असता, तर मेंदूच्या वाढीत कायमची उणीव राहू शकली असती.

त्वचेवर अशा खुणा का उमटतात? त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होत असतो. त्यासाठी प्रथिने, जस्त, स्निग्धाम्ले आणि जीवनसत्त्वे सतत लागतात. पुरवठा घटला की हे काम बिघडते.

काही खुणा पालकांना घरीच ओळखता येतात. ओठांचे कोपरे चिरणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, हे बऱ्याचदा 'ब' गटातील जीवनसत्त्वे कमी पडल्याचे लक्षण असते. दूध, अंडी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये यांनी ती उणीव भरून निघते. कोपर आणि गुडघ्यांवर किसणीसारखे खरखरीत पुरळ येते, तेव्हा 'अ' जीवनसत्त्व आणि आवश्यक स्निग्धाम्ले या दोहोंचा विचार करावा लागतो. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई आणि जेवणात थोडे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, हा त्यावरचा स्वस्त उपाय. तळहात फिकट दिसणे, नखे चमच्यासारखी खोलगट होणे, मूल माती खाणे, या लोहाच्या कमतरतेच्या खुणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणजे हा प्रश्न काही मोजक्या घरांपुरता नाही.

तोंडाभोवती आणि शीच्या जागी लालसर, सोलवटलेले चट्टे, सोबत जुलाब आणि केस गळणे, असे असेल तर जस्ताची कमतरता असू शकते. लंगोटाचे पुरळ समजून केवळ मलम लावत बसू नये.

सर्वांत गंभीर खूण प्रथिने-उष्मांकांच्या कुपोषणाची. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, 'क्वाशिओरकोर' या आजाराचे वर्णन केले. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ, धाकटे भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार. आईचे दूध तुटते आणि मूल नुसत्या पेजेवर राहते. जुन्या भिंतीच्या रंगाचे पोपडे निघावेत तशी त्वचा निघते, पायांवर सूज येते. ही सूज पाहून मूल गुटगुटीत आहे असे वाटते, इथेच फसगत होते. दोन्ही पावले अंगठ्याने हलके दाबून पाहावीत. खड्डा राहिला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता एक गैरसमज. गालावर फिकट पांढरे चट्टे दिसले की "कॅल्शियम कमी आहे" किंवा "जंत झालेत" असे सांगितले जाते. बहुतेक वेळा हे कोरड्या त्वचेचे चट्टे असतात. तेल-मलमाने आणि काळाने जातात. नखांवरचे पांढरे ठिपकेही बहुधा किरकोळ मार लागल्याने येतात. मात्र चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी.

मनानेच टॉनिकच्या बाटल्या आणू नयेत. 'अ' जीवनसत्त्व तर जादा झाले तरी अपाय करते. सहा महिने पूर्ण होताच अंगावरच्या दुधाबरोबर वरणभात, मऊ खिचडी, भाजी, अंडे सुरू करावे. आणि बाळाला आंघोळ घालताना रोज दोन मिनिटे नीट पाहावे. त्या दोन मिनिटांत दिसलेली खूण डॉक्टरांना वेळेवर दाखवली, तर पुढचे बरेच काही वाचते.