खाणमातीपासून फेराइट : दळण आणि पारख

डिचोली तालुक्यातील मये, शिरगाव, मुळगाव या भागांत खाणींच्या टाकाऊ मातीचे तांबडे ढीग सर्वांच्या परिचयाचे आहेत. पावसाळ्यात त्यांतील गाळ ओहोळांवाटे भातशेतीत उतरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या निर्णयानंतर थांबलेली येथील खाण लिलाव होऊन २०२४ साली पुन्हा सुरू झाली. ढिगांचा प्रश्न मात्र जुनाच आहे. या मातीत लोह आहे, तर तिच्यापासून चुंबक का करू नयेत, असे पुष्कळदा विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. उत्तर होकारार्थी असले, तरी वाटते तितके सरळ नाही.

ध्वनिवर्धकातील काळे कडे, रेडिओतील आकाशकाची कांडी, मोबाइलच्या चार्जरमधील गाभा हे सारे फेराइटचे असतात. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडाशी निकेल, जस्त, स्ट्रॉन्शियम अशा धातूच्या ऑक्साइडाचा संयोग होय. टोकियो येथे काटो व ताकेई या संशोधकांनी १९३० साली त्याची उपयुक्तता दाखवून दिली. फेराइटातून वीज सहसा वाहत नाही, म्हणून जलद बदलणाऱ्या प्रवाहातही ते फारसे तापत नाही. पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलासाठी जागा निश्चित झालेली असल्याने हा विषय आपणांस दूरचा नाही.

शिक्षकांनी वर्गात एक साधा प्रयोग करावा. तांबड्या मातीत चुंबक फिरवला, तर क्वचित काही काळे कण चिकटतात. बाकी माती तशीच राहते. कारण तिच्यातील बहुतेक लोह हेमॅटाइटाच्या रूपात असते आणि त्याचे चुंबकत्व अगदी क्षीण असते. शिवाय त्यात वाळू व अॅल्युमिनाची भेसळ असते. ती दळून जात नाही. रसायनांनीच काढावी लागते. गोवा विद्यापीठातील राणे, वेरेंकर व सावंत या संशोधकांनी लोहखनिजाच्या टाकाऊ भागातील लोह रासायनिक रीतीने शुद्ध करून त्यापासून मॅग्नेशियम फेराइट बनविले आणि त्याच्या विद्युतगुणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. म्हणजे मार्ग आहे. परंतु पोलाद कारखान्यांत उपपदार्थ म्हणून मिळणारे स्वच्छ ऑक्साइड स्वस्त पडते. आपल्या मातीला त्याच्याशी स्पर्धा करावयाची आहे. आणि फेराइटाला लागणारी माती ढिगांच्या मानाने अल्पच, हेही गावकऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

शुद्ध ऑक्साइड हाती आल्यावर दळण सुरू होते. स्ट्रॉन्शियम फेराइटासाठी १४८ ग्रॅम स्ट्रॉन्शियम कार्बोनेटास ९५८ ग्रॅम लोह ऑक्साइड असे प्रमाण घेतात. हे मिश्रण बॉल मिलमध्ये, म्हणजे कठीण गोळ्या भरलेल्या फिरत्या पिंपात, घालतात. घरच्या रगड्यात एकच वरवंटा असतो, येथे शेकडो असतात. गोळ्यांचे वजन भुकटीच्या दसपट ठेवण्याची रीत प्रयोगशाळांत आढळते. पिंप हळू फिरले तर गोळ्या नुसत्या घरंगळतात. फार वेगाने फिरले तर भिंतीला चिकटून राहतात व दळण होतच नाही. मधला वेग साधला, की त्या उंचावरून कोसळून कण फोडतात. त्यानंतर सुमारे १,२०० अंश सेल्सियसला भट्टीत भाजले असता फेराइट तयार होते. ते पुन्हा दळून कण मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतके बारीक करतात.

खरी परीक्षा पुढेच. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासतात. न जुळलेले ऑक्साइड उरले असल्यास ते तेथे उघड होते. कंपन चुंबकमापकात नमुना हलवीत चुंबकीय क्षेत्र वाढवून, मग उलटे फिरवून आलेख काढतात. फास रुंद आला तर पदार्थ कायम चुंबकास योग्य, अरुंद आला तर गाभ्यास योग्य. चांगल्या स्ट्रॉन्शियम फेराइटाचे कमाल चुंबकन दर ग्रॅमला सुमारे ७० ईएमयू असते.

आकडा याहून बराच मोठा आला, तर हर्ष करण्यापूर्वी संशय घ्यावा. पोलादी गोळ्या झिजून त्यांचे लोखंड भुकटीत मिसळते, आणि शुद्ध लोखंडाचे चुंबकन फेराइटाच्या सुमारे तिप्पट असते. अशा वेळी नमुना हवेविना तापवून पाहतात. स्ट्रॉन्शियम फेराइटाचे चुंबकत्व सुमारे ४६० अंशांना नाहीसे होते, लोखंडाचे ७७० अंशांपर्यंत टिकते. ४६० अंशांच्या पुढेही ओढ शिल्लक राहिली, तर ती बहुधा गोळ्यांच्या लोखंडाची असते.