सोलापूर कुणाचं? आलेल्यांचं की जाणाऱ्यांचं?

'स्थलांतर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पासपोर्ट, व्हिसा, चार मोठ्या बॅगा आणि एअरपोर्टवर डोळे पुसणारी आई! पण त्यासाठी इतकं लांब जायची गरज नाही. उद्या वर्गात हजेरी सुरू झाली की जरा कान देऊन आडनावं ऐका. पाटील, कुलकर्णी, शेख यांच्या मधेमधे येमुल, दासरी, गड्डम, चिलका अशी आडनावं येतात. ही मुलं आपल्याशी अस्सल सोलापुरी मराठीत बोलतात आणि घरून फोन आला की लगेच तेलुगूत सुरू होतात. यांचे पूर्वज मूळचे सोलापूरचे नव्हते. मग ते इथे आले कसे? आणि त्यांच्या येण्याने सोलापूरचं काय झालं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्या लोकांवर आम्ही पानंच्या पानं लिहिली. पण आपल्याच गावातल्या पूर्व भागातल्या लोकांचा प्रवास कुठल्या पेपरला कधी आला नाही! म्हणून हा लेखनप्रपंच.

रेल्वे, मिल आणि माग

पद्मशाली हा तेलंगणातला विणकर समाज. तेव्हा तेलंगणा निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे हे लोक खरोखरच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आले. काही विणकर कुटुंबं आधीपासून येत होती, पण मोठा ओघ सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. गावाकडे मिलच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचा धंदा बसत चालला होता, आणि पावसाचा तर भरवसाच नव्हता. इकडे १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली. १८७४ मध्ये वाडीमार्गे हैदराबादही त्याच लोहमार्गाला जोडलं गेलं. आणि १८७७ मध्ये सोलापुरात कापड गिरणी सुरू झाली. तीच आपली 'जुनी मिल'. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या.

अभ्यासक म्हणतात की माणूस गाव सोडतो तेव्हा दोन बळं काम करतात. एक मागून ढकलतं, दुसरं पुढून ओढतं. आपल्याला मेकॅनिक्समुळे हे पटकन समजावं! इथे दुष्काळ आणि बेकारी ढकलत होती, मिलचा भोंगा ओढत होता, आणि मधलं घर्षण रेल्वेने कमी केलं.

या लोकांकडे सामान फार नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर आणली, ती म्हणजे हातातली कला. तुमच्या हॉस्टेलच्या कॉटवर जी सोलापुरी चादर अंथरलेली आहे ना, तिच्यावरची नक्षी जकार्डवर विणतात. छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठरवतात की कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमच्या पंच कार्डची ही आजीच! आज सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ज्या वस्तूने सोलापूरचं नाव देशभर गेलं, ती बाहेरून आलेल्या हातांनी मोठी केली.

सगळं काही गोड नव्हतं

पण हा प्रवास सिनेमासारखा नव्हता बरं का! पुरुष मिलमध्ये किंवा मागावर, आणि बाई घरी विड्या वळायला. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, कात्रीने कापायची, वळायची, दोरा बांधायचा आणि माल परत नेऊन द्यायचा. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. तंबाखूची धूळ मात्र फुकट! पूर्व भागातल्या कितीतरी मुलांची फी या विड्यांवर भरली गेली आहे. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा घरातला यंत्रमाग आणि आईची विडी यांच्यावरच घर चाललं.

परका आपला कधी होतो?

मला वाटतं, माणूस गावात राहायला आला म्हणून त्या गावचा होत नाही. तो तिथे काहीतरी उभं करतो, तेव्हा होतो. पद्मशाली समाजाने शिक्षण संस्था काढली, तिची कुचन प्रशाला आज सगळ्या सोलापूरला माहीत आहे. मार्कंडेय ऋषींच्या नावाने सहकारी रुग्णालय उभं राहिलं. तिथे पेशंटला तुमची मातृभाषा कोणती, असं कुणी विचारत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो आणि नवरात्रात बायका बतुकम्मा खेळतात, तेव्हा बघायला सगळं गाव असतं. लक्ष्मीनारायण बोल्ली तेलुगू घरात वाढले आणि मराठीत कवी झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'एका साळियाने' आहे.

आणि घरांचं काय? आमदार राहिलेले नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, यांनी कामगारांच्या घरांसाठी लढा दिला. त्यातून कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली. दहा हजार घरं! २००६ मध्ये ती कामगारांना मिळाली. त्यानंतर रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पंधरा हजार घरं दिली गेली. भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं दार मिळणं म्हणजे काय, हे आपल्याला चार वर्षं हॉस्टेलमध्ये राहून थोडंफार कळू शकतं.

कुणी म्हणेल, बाहेरचे येतात आणि आपली भाषा बिघडवतात. अहो, आपणही कुठेतरी बाहेरचेच आहोत! १८३४ पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांत भारतातून करारावर मजूर नेले गेले. त्यात कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांच्या वंशजांच्या रोजच्या बोलण्यात आता क्रिओल आहे, पण तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या समाजाने त्यांना जागा दिली आणि त्यांनी त्या समाजाला एक सण दिला. पूर्व भागाचीही हीच गोष्ट आहे.

आणि आता आपण...

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. जिथून माणसं जातात त्या गावाचं काय? कोकणाने हे खूप सोसलं. पुरुष मुंबईच्या गिरणीत, गावाकडे बायका शेती बघणार आणि पोस्टमनची वाट पाहणार. 'मनीऑर्डरवर चालणारं कोकण' असं म्हणायचे ते उगीच नाही. पैसा येत होता, पण हात गेले होते.

आज ती पाळी सोलापूरवर आली आहे. ज्या गावात लोक काम शोधत यायचे, त्याच गावातून आपण काम शोधत जातो. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बघा, पुण्याला निघालेल्या मुलामुलींनी भरलेली असते! तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. ही चार नावं नुसती वाचली तरी कळतं की हे गाव किती प्रकारच्या माणसांनी मिळून बनलं आहे.

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. प्लेसमेंट झाली तर मीही जाणार! पूर्व भागातल्या आईने विड्या वळून मुलाला इंजिनिअर केलं ते त्याने मागावर बसावं म्हणून नाही. पण ज्या विणकरांकडे काहीच नव्हतं त्यांनी शाळा आणि दवाखाना उभा केला, आणि आपण डिग्री घेऊन निघताना गावाला काय देतो?

सुरुवात छोटी असू शकते. फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा एकदा पूर्व भागात जाऊन या. यंत्रमागाचा आवाज कमी कसा होईल, धागा तुटल्यावर माग आपोआप कसा थांबेल, विडी वळणाऱ्या बाईच्या नाकात धूळ कमी कशी जाईल, असे कितीतरी प्रश्न तिथे पडून आहेत. गाईड सरांनाही नवीन विषय मिळेल! चहा मात्र तिथे नक्की मिळेल. आणि तेलुगू येत नसली तरी चालेल, तिथे सगळ्यांना मराठी येतं.