पॅलेस्टाइनचा ‘रईस’

‘रईस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो तो गडगंज श्रीमंत माणूस. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तिथं ‘रास’ म्हणजे डोकं. डोक्याच्या जागी जो बसतो तो रईस. मग तो एखाद्या समितीचा अध्यक्ष असो की देशाचा राष्ट्रपती.

हा दुहेरी अर्थ मोठ्या उपयोगी पडला. १९९३ साली ऑस्लोचा करार झाला आणि पुढल्या वर्षी पॅलेस्टिनी प्राधिकरण स्थापन झालं. त्याच्या प्रमुखाला म्हणायचं काय? पॅलेस्टिनी म्हणत राष्ट्रपती. इस्रायलला ते नको, नुसता अध्यक्ष म्हणा. अखेर १९९५ च्या करारातल्या इंग्रजी मजकुरातसुद्धा ‘रईस’ हाच शब्द घातला. ज्यानं त्यानं आपापला अर्थ घ्यावा!

पद नवं असलं तरी माणूस जुनाच होता. यासर अराफत १९६९ पासून पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे अध्यक्ष होते. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जीयर्स इथं पॅलेस्टाइन राष्ट्राची घोषणा झाली. ताब्यात जमीन नव्हती, तरी तीनच दिवसांनी भारतानं मान्यता दिली. १९८९ मध्ये संघटनेनं अराफतांना त्या राष्ट्राचे राष्ट्रपती निवडलं. आणि २० जानेवारी १९९६ रोजी, समीहा खलील या वयोवृद्ध समाजसेविकेविरुद्ध सुमारे ८८ टक्के मतं मिळवून, ते प्राधिकरणाचे रईस झाले. एकाच डोक्यावर तीन पागोटी! पण मत दिलं ते पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेममधल्या लोकांनी. लेबनॉनच्या छावणीतल्या निर्वासिताला त्यात जागा नव्हती.

११ नोव्हेंबर २००४ रोजी अराफत वारले. कायद्याप्रमाणं विधिमंडळाच्या सभापतींनी सुमारे दोन महिने कारभार पाहिला आणि ९ जानेवारी २००५ रोजी महमूद अब्बास निवडून आले, चार वर्षांसाठी. २००६ ची विधिमंडळाची निवडणूक हमासनं जिंकली, २००७ मध्ये गाझा वेगळा पडला, आणि राष्ट्रपतिपदाचं मतदान राहिलं ते राहिलंच. २०२१ साली तारीख ठरली होती, तीही पुढं ढकलली.

खरी अडचण वेगळीच. २०१८ साली विधिमंडळ बरखास्त झालं. मग सभापतीच नाही तर अब्बासांनंतर खुर्ची कुणाची? म्हणून एप्रिल २०२५ मध्ये हुसेन अल्-शेख यांना उपाध्यक्ष नेमलं, आणि जागा रिकामी झाल्यास तेच हंगामी राष्ट्रपती होतील, असा हुकूम अब्बासांनी ऑक्टोबरात काढला. नेमणूकच ती, जनतेचं मत त्यात कुठंच नव्हतं. २००५ च्या मतदानाच्या वेळी पाळण्यात असलेलं मूल तोवर वीस वर्षांचं झालं होतं.