उतरल्या उतरल्या उचलू नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जामनेरात माझ्या शेजारी एक पिकअपवाला राहतो. वय चाळिशीच्या आतबाहेर. फजरची नमाज झाली की गाडी काढायची, नेरीमार्गे जळगावचा दाणा बाजार गाठायचा, किराणा भरायचा आणि दुकानं उघडायच्या सुमाराला जामनेरात परत. चालकही तोच, हमालही तोच. साखरेची ५० किलोची पोती त्यानं पंधरा वर्षं उतरवली, कधी तक्रार केली नाही. आणि एके दिवशी बिस्किटांचा खोका उचलताना त्याची कंबर धरली. खोका असेल पाच-सहा किलोचा. मी भेटायला गेलो तर पलंगावर आडवा. म्हणाला, "चाचा, पोत्यानं नाही मारलं, बिस्किटानं मारलं. लोक हसतात."

मलाही आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण नंतर विचारपूस केली, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की खोक्याचा दोष फार थोडा होता.

आपल्या पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिला बांधून ठेवणारे चिवट बंध असतात. माणूस तासभर पोक काढून बसला की हे बंध ताणून ढिले पडतात, जसा नाडा ओला होऊन सैल पडावा तसे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅक्गिल यांनी हे मोजून पाहिलं. वीस मिनिटं पूर्ण वाकून बसलेल्या माणसांच्या कण्याचा गेलेला ताठपणा दोन मिनिटांच्या विश्रांतीनंतर जेमतेम निम्मा परत आला. अर्ध्या तासानंतरही थोडी ढिलाई शिल्लक होतीच. आमचा शेजारी जळगावहून निघाला तो तासभर स्टिअरिंगवर ओणवा होता. दुकानासमोर ब्रेक दाबला, उडी मारली, फाळका पाडला आणि वाकून खोका ओढला. सैल पडलेल्या कण्यावर तेवढा झटका पुरला.

त्यात आपले रस्ते. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा वेळा बसणारे हादरे सगळ्यात जास्त जाचतात, कारण शरीर स्वतःच त्या तालावर डोलू लागतं. खड्ड्यांतून जाणारी मालगाडी नेमका तोच ताल धरते. शायर म्हणून सांगतो, हा ठेका काही चांगला नाही. 'छोटा हत्ती' २००५ साली आला आणि तालुक्यातालुक्यांत पोरांना रोजगार मिळाला, हे खरंच आहे. पण अशा गाड्यांच्या केबिनमध्ये पाठीमागे लगेच भिंत. सीट मागे रेलवावी म्हटलं तर जागा कुठे आहे?

दुसरी गोष्ट पहाटेची. रात्री झोपेत मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. फुगलेली गादी वाकताना जास्त ताण सोसते. जुनाट कंबरदुखीच्या माणसांनी उठल्याबरोबरचं वाकणं टाळलं तेव्हा त्यांचं दुखणं कमी झालं, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. दूधवाला, पेपरची गाडी आणणारा, भाजीवाला, सगळ्यांची उचलाउचल नेमकी त्याच वेळी. त्यांनी निदान उठल्यावर थोडं चालून, अंग मोकळं करून मग पहिली पाटी उचलावी.

वजनाचा हिशेब तराजूचा आहे. कणा म्हणजे तराजूचा मध्य. पाठीचे स्नायू त्याच्या मागे पाचेक सेंटिमीटरवर. तुम्ही २० किलोचा डबा हात लांब करून ५० सेंटिमीटर पुढे धरलात, तर तो तोलायला स्नायूंना दसपट, म्हणजे २०० किलोचा जोर लावावा लागतो. तोच डबा पोटाशी धरला की जोर निम्म्यावर येतो. म्हणून माल आधी फाळक्याच्या काठापर्यंत ओढून घ्यावा, छातीपोटाशी लावावा, मग उचलावा. वळायचं तर पावलं वळवावीत. कमरेतून पीळ देऊ नये. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं सगळं अनुकूल असताना उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलो ठरवली आहे. आपल्या घरी येणारा गॅसचा सिलिंडर, आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंड, मिळून ३० किलोच्या आसपास जातो. तो जिना चढून येतो तेव्हा आपण दारातून फक्त "जपून ठेवा, फरशी फुटेल" म्हणतो.

हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. पण स्वतःच गाडी हाकणारा आणि स्वतःच माल उतरवणारा हा नवा माणूस हमाल म्हणून कुठल्या वहीत क्वचितच सापडतो. उर्दू गझलेत माशुकेची कमर इतकी बारीक की दिसतच नाही. चालकाची कंबरही तशीच कोणाला दिसत नाही!

आता कंबर धरलीच तर? आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात आणि त्याची लाथ पाठीला लावून घेतात. मीही लहानपणी रांगेत उभा राहिलो आहे. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे श्रेय पायाळूला मिळतं. पूर्वी डॉक्टरही आठ-पंधरा दिवस झोपून राहायला सांगत. आता ते मागे पडलं. एक-दोन दिवस जड काम बंद, शेक घ्यावा आणि सोसेल तेवढं घरात, गल्लीत चालत राहावं. पडून राहिल्यानं स्नायू आणखी कमजोर होतात. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने चघळणं मात्र पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतं. पट्टा बांधून दुखणं टळतं असंही सिद्ध झालेलं नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा: पायातला जोर जाऊ लागला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. ताप, विनाकारण घटणारं वजन किंवा पडल्याचा मार असेल तरीही घरी थांबू नका.

रोजची काळजी साधी आहे. मागच्या खिशातलं पाकीट काढून पुढे ठेवा; त्यावर बसून कंबर तिरपी होते. टॉवेल गुंडाळून कमरेच्या खोलगट भागात ठेवा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच दाबताना पाठ सुटणार नाही. मोटारसायकलवर पार्सल पोचवणाऱ्या पोरांनी ओझं पाठीवर लटकवण्यापेक्षा मागच्या कॅरिअरला बांधावं. आणि गाडीतून उतरलं की दोन-तीन मिनिटं चालावं, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावं, मग फाळक्याला हात लावावा.

आमचा शेजारी आता तसंच करतो. गेल्या आठवड्यात बाजारात पाहिलं, गाडीभोवती सावकाश दोन फेऱ्या मारत होता. दुकानदार ओट्यावरून ओरडला, "काय रे, टायर बसलं का?"

"टायर ठीक आहे शेठ," तो म्हणाला, "कंबर पाहून राहिलो."