सौर पॅनेलची फिरती चौकट : अल्प खर्चाचा मार्ग

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घराच्या गच्चीवर वीज निर्माण करण्याचा विचार तेव्हापासून सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आला आहे. नागपूरच्या प्रताप नगरसारख्या वसाहतीत घराची गच्ची मर्यादित असते, शिवाय पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली तिच्यातील काही जागा अडवितात. त्यामुळे आहे त्याच पॅनेलांपासून अधिक वीज कशी मिळेल, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. पॅनेल सूर्याबरोबर फिरविणे हा त्यावरील एक उपाय आहे. मात्र त्यासाठी किती खर्च करावा, याचा हिशेब आधी मांडणे अगत्याचे आहे.

सूर्याचा मार्ग आणि पॅनेलचा कोन

सूर्यकिरण पॅनेलवर काटकोनात पडले म्हणजे त्यांचा पूर्ण लाभ मिळतो. ते ३० अंशांनी तिरपे झाले तर थेट किरणांपैकी सुमारे ८७ टक्के, ४५ अंशांनी झाले तर ७१ टक्के आणि ६० अंशांनी झाले तर निम्मेच हाती लागतात.

नागपूर सुमारे २१ उत्तर अक्षांशावर वसले आहे. येथे २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो. जूनमध्ये मात्र तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास सूर्य ऐन माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. हे झाले ऋतूंनुसार होणारे स्थित्यंतर. याखेरीज सूर्य दररोज पूर्वेकडून पश्चिमेकडे ताशी १५ अंशांनी सरकतो. चौकट फिरविण्याचे दोन प्रकार यातूनच निघतात : वर्षातून काही वेळा उतार बदलणे आणि दिवसातून काही वेळा दिशा बदलणे.

शिर्डीचे उदाहरण

सूर्याचा पाठलाग कोठे अपरिहार्य ठरतो, हे शिर्डी येथील साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात दिसून आले. तेथे २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ परावर्तक तबकड्या बसवून सौर वाफेवर स्वयंपाक करण्याची व्यवस्था उभारण्यात आली. अशा तबकडीने किरण एका ठिकाणी एकवटायचे असतात. ती सूर्याकडून ढळली की किरणांचा झोत नेमक्या जागेवरून सरकतो आणि काम थांबते. सपाट पॅनेलचे तसे नाही. तिरप्या किरणांवर, इतकेच नव्हे तर ढगांतून पसरलेल्या उजेडावरही ते थोडीफार वीज देतच राहते. म्हणून तबकडीला जे अनिवार्य आहे, ते पॅनेलला केवळ लाभदायक आहे.

ऋतूनुसार उतार

सर्वांत स्वस्त चौकट हीच होय. लोखंडी अँगलच्या चौकटीची दक्षिणेकडील खालची बाजू बिजागरीने पायाला जोडावी व उत्तरेकडील बाजूस नट-बोल्टने बसणारे टेकू द्यावेत. एकेक जोडी याप्रमाणे तीन उंचींचे टेकू पुरेसे होतात. बिजागरीपासून टेकूपर्यंतचे अंतर दीड मीटर असल्यास टेकूची बाजू बिजागरीपेक्षा २६ सेंटिमीटर उचलली की १० अंशांचा, ५४ सेंटिमीटर उचलली की २१ अंशांचा आणि ८८ सेंटिमीटर उचलली की ३६ अंशांचा उतार मिळतो.

एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत १० अंश, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत ३६ अंश आणि मधल्या काळात २१ अंश उतार ठेवावा. उन्हाळ्यात याहून सपाट ठेवू नये. थोडा उतार असला म्हणजे पावसाचे पाणी व धूळ वाहून जाते.

दक्षिण दिशा ठरविण्यास होकायंत्राची गरज नाही. सपाट जमिनीवर ओळंब्याने काठी उभी करून तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी व दुपारी सावलीचे टोक ज्या दोन बिंदूंवर वर्तुळाला स्पर्श करते, त्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. तिच्यावरील लंब म्हणजे दक्षिणोत्तर रेषा. शंकूच्या सावलीने दिशा साधण्याची ही रीत भारतीय ज्योतिषशास्त्रात प्राचीन काळापासून रूढ आहे. शाळेच्या प्रांगणात विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग सहज करून घेता येईल.

दिवसातून तीन वेळा

दुसऱ्या प्रकारात पॅनेल दक्षिणोत्तर आसावर बसवितात. आसाचे उत्तरेकडील टोक २१ अंश वर उचलले की तो पृथ्वीच्या आसाशी समांतर होतो, म्हणजेच ध्रुवाकडे रोखला जातो. अशा आसाभोवती पॅनेल ताशी १५ अंश फिरविले की ते सूर्यासोबत राहते. ते सतत फिरविण्याचीही आवश्यकता नाही. सकाळी पूर्वेकडे ४५ अंश, पावणेअकराच्या सुमारास मध्यभागी आणि पावणेदोनच्या सुमारास पश्चिमेकडे ४५ अंश, अशा तीन स्थिती ठेवल्या तरी पावणेआठ ते पावणेपाच या वेळेत सूर्याच्या दैनिक गतीमुळे होणारी घट ८ टक्क्यांपलीकडे जात नाही. सौर कृषिपंपांसाठीही पॅनेल दिवसातून तीन वेळा हाताने फिरविण्याची पद्धत परिचित आहे. शेतकरी पंपाजवळ असतोच, म्हणून ती तेथे सोयीची ठरते.

मोटर की आणखी एक पॅनेल?

उतार ऋतूनुसार बदलल्यास वार्षिक उत्पादनात साधारणतः चार ते पाच टक्क्यांची भर पडते. दिवसभर सूर्यामागे फिरणाऱ्या यंत्रणेने निरभ्र प्रदेशात ही वाढ साधारणतः पंधरा ते पंचवीस टक्के होते. ढगाळ पावसाळ्यात उजेड सर्व बाजूंनी येत असल्यामुळे फिरण्याचा फायदा जवळजवळ उरत नाही.

आता पाच पॅनेलांचा विचार करू. वीस टक्के वाढ म्हणजे सहाव्या एका पॅनेलची वीज. म्हणून मोटर, संवेदक व फिरत्या भागांची देखभाल यांचा एकूण खर्च एका जादा पॅनेलच्या खर्चापेक्षा कमी असेल, तरच फिरती यंत्रणा परवडते. शिवाय फिरणाऱ्या पॅनेलांची सावली एकमेकांवर पडू नये म्हणून त्यांच्यात अधिक अंतर सोडावे लागते. म्हणजे जागा वाचविण्याचा मूळ हेतूच लहान गच्चीवर बाजूला पडतो. विस्तीर्ण सौर प्रकल्पांत शेकडो पॅनेल एका यंत्रणेला जोडता येतात, तेथील हिशेब निराळा असतो. घरासाठी मात्र टेकू बदलण्याची साधी चौकट हाच बहुधा शहाणपणाचा पर्याय होय.

आवश्यक दक्षता

भारतीय मानक ८७५ नुसार नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला जातो. या वेगाने दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर सुमारे २३५ किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. म्हणून प्रत्येक टेकूला अडकण असावी, वादळाची चिन्हे दिसताच पॅनेल सर्वांत कमी उतारावर आणून घट्ट बांधावे आणि गच्चीला छिद्र पाडल्यास ते जलरोधक करून घ्यावे. अनेक पॅनेल एकसर जोडल्यावर काही शे व्होल्टचा दाब निर्माण होतो, आणि ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. त्यामुळे अनुदानातून बसविलेल्या यंत्रणेत परस्पर फेरफार करू नये. चौकटीची निवड पॅनेल बसविण्यापूर्वीच पुरवठादाराकडून लेखी ठरवून घ्यावी.

ग्रामपंचायत कार्यालय वा शाळेसाठी पॅनेल घेताना दरपत्रकात दोन आकडे मागवावेत : फिरत्या यंत्रणेचा खर्च आणि एका जादा पॅनेलचा खर्च. हे दोन आकडे शेजारी मांडले म्हणजे सार्वजनिक पैसा कोठे खर्च करावा, याचा निर्णय ग्रामसभेलाही करता येईल.