बरोबर निघणे आणि माहीत असणे

एखादे मत खरे निघाले म्हणजे ते ज्ञान होते, असे तत्त्वज्ञान मानत नाही. समजा, डोंबिवली स्टेशनचा इंडिकेटर कालपासून ८.१४च्या फास्टवर अडकला आहे. आज तो पाहून एक प्रवासी प्लॅटफॉर्मवर उभा राहतो आणि योगायोगाने तीच गाडी येते. मत खरे, त्याला कारणही होते. तरी ‘त्याला माहीत होते’ म्हणायला जीभ रेटत नाही. मटका लागला, एवढेच.

एडमंड गेटियरने १९६३ साली जेमतेम तीन पानांच्या लेखात हीच अडचण मांडली आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा ढवळून निघाली. पण बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त न्यायदर्शनाच्या व्याख्या मोडताना अशीच उदाहरणे वापरली होती. मुठीत कवड्या किती, याचा नुसता अंदाज ठोकला आणि तो बरोबर आला. किंवा डोंगरावरच्या धुक्याला धूर समजून आगीचे अनुमान केले आणि तिथे खरोखरच आग निघाली. आषाढात डोंबिवलीतून मलंगगडाकडे पाहणाऱ्याला ही चूक परकी वाटणार नाही.

न्यायदर्शनात ‘ज्ञान’ हा शब्द ऐसपैस आहे; भ्रम आणि संशयही त्यात मोडतात. खऱ्या अनुभवाला ‘प्रमा’ म्हणतात आणि ती चार प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, मिळते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे थोडक्यात आहे, आठल्ये आणि बोडस यांची त्याची आवृत्ती मुंबईत १८९७ साली निघाली. गाडी येताना दिसली, हे प्रत्यक्ष. गर्दी पिशव्या सावरत कडेला सरकली, त्यावरून गाडी आली असे ताडले, हे अनुमान. उद्घोषणा म्हणजे शब्द. चौथे उपमान, सांगितलेल्या साम्यावरून नवी वस्तू ओळखणे.

चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो, बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानणे अनेकांना भाबडेपणाचे वाटते. पण स्वतःची जन्मतारीख कोणालाच प्रत्यक्षाने कळलेली नसते. आईने सांगितली, दाखल्यावर वाचली, इतकेच.

उरतो तो खातरीचा वाद. मीमांसक म्हणतात, बाध येईपर्यंत, म्हणजे खोटे ठरेपर्यंत, ज्ञान आपोआपच प्रमाण. नैयायिकांना पडताळा लागतो. गाडी कोपरला न थांबता पुढे गेली की ती फास्ट होती, हे नैयायिकाला पटते. मीमांसकाला ते डब्यात चढतानाच पटलेले असते.